प्रतिसाद: पायरी लहान केली की झालं?

कृष्णविवराजवळून जाणाऱ्या प्रकाशकिरणाचा वाकडा मार्ग संगणकावर छोट्या छोट्या टप्प्यांनी, म्हणजे पायऱ्यांनी, काढतात. त्याबद्दल 'पायरी लहान ठेवा, मार्ग आपोआप अचूक येतो' हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कृष्णविवरापासून दूर प्रकाश जवळजवळ सरळच जातो, तिथे लहान पायरी म्हणजे संगणकाचा वेळ फुकट. पॅरिस वेधशाळेतल्या संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या ग्योटोसारख्या, असे मार्ग काढणाऱ्या मुक्त संगणक-प्रणाली म्हणूनच पायरी जागेनुसार बदलतात. आणि पायरी फारच बारीक केली, तर दशांश तोडण्याच्या चुका साठत जातात, ते वेगळंच.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे फोटॉन गोल, म्हणजे जिथे प्रकाश विवराभोवती वर्तुळात फिरू शकतो ते अंतर. न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी तो श्वार्झशिल्ड त्रिज्येच्या (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या त्रिज्येच्या) दीडपट अंतरावर असतो. त्याच्याजवळून घिरट्या घालणाऱ्या किरणाची मुळातली बारीकशी चूक दर अर्ध्या फेरीला सुमारे २३ पट वाढते. फोंड्याला बीएस्सीच्या मुलांबरोबर आम्ही हेच करून पाहिलं: दुरून सोडलेल्या किरणाचा नेम विवराच्या केंद्रापासून बाजूला, याच त्रिज्येच्या २.५९८ पटींच्या किंचित आत धरला की किरण गिळला जातो, किंचित बाहेर धरला की वळसा घेऊन सुटतो. मुलं किती तरी वेळ तेवढाच आकडा पुढेमागे करत बसली होती, आणि मलाही उठवेना!

त्यामुळे पायरीपेक्षा ऊर्जा आणि कोनीय संवेग शेवटपर्यंत तेच राहतात का, ते छापून बघा. विवर फिरणारं असेल तर कार्टर स्थिरांकही, म्हणजे अशा विवराभोवती किरणाच्या वाटेवर न बदलणारी आणखी एक राशी. मात्र प्रणालीने हे स्थिरांक समीकरणांतच गृहीत धरले असतील, तर या तपासणीतून काहीच कळत नाही.