मदत हवी आहे: क्रेडिट रिपोर्ट कोरा आहे, सुरुवात कशी करू?

आजवर कर्ज घेतलं नाही, क्रेडिट कार्डही नाही. आता कार्डासाठी अर्ज केला तर बँकेने नाकारला. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, काढून पाहिला. नाव, जन्मतारीख बरोबर, पण खात्यांचा रकाना रिकामा. स्कोअर कमी असता तर वाढवता तरी आला असता!

पगार नियमित आहे, घरभाडं वेळेवर जातं, पण त्याची नोंद रिपोर्टमध्ये नाही. दुसरीकडे अर्ज मुद्दाम टाकलेला नाही, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यायचं जवळपास ठरलंय. ठेवीवर छोटं कर्ज काढून हप्ते भरण्यापेक्षा ते बरं, उगाच व्याज कशाला? खर्च मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवीन, बिल पूर्ण भरीन. घरात कुणाकडेच कार्ड नाही, त्यामुळे अ‍ॅड-ऑन कार्डाचा (घरच्यांच्या कार्डाला जोडून मिळणाऱ्या कार्डाचा) पर्याय बाद. जामीनदारही नाही. गृहकर्ज लागेल, पण दोन-तीन वर्षांनी.

अडलंय इथे: बिल तयार होण्याआधीच सगळे पैसे भरले तर रिपोर्टमध्ये कार्डाचा वापर शून्य दिसेल, ते चालेल की थोडी रक्कम बिलात येऊ द्यावी? आणि पुढे साधं कार्ड मिळाल्यावर ठेवीवरचं बंद केलं, तर स्कोअरला फटका बसतो का?