जुन्या चित्राबद्दल शेवटचा शब्द कुणाचा: नजरेचा की यंत्राचा?

रंगथर (धागाकर्ता)
सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं 'खिडकीपाशी पत्र वाचणारी मुलगी' हे चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. मुलीमागची भिंत कोरी होती. १९७९ मध्ये एक्स-रेत त्या भिंतीवर टांगलेलं कामदेवाचं मोठं चित्र दिसलं, तेव्हा जाणकारांनी ठरवून टाकलं की व्हर्मीरनेच मन बदललं आणि ते झाकलं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हेच मानलं गेलं. २०१७ मध्ये चित्राच्या जतनाचं काम सुरू झाल्यावर रंगाचे कणभर नमुने काढून त्यांचा उभा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कामदेव आणि वरचा रंग यांच्यामध्ये मळाचा थर निघाला! तो साचायला काही दशकं लागतात, आणि व्हर्मीर तर १६७५ मध्येच गेला. म्हणजे झाकणारा हात दुसऱ्याच कुणाचा. वरचा रंग बारीक पात्याने खरवडून काढला आणि २०२१ मध्ये कामदेवासकट चित्र लोकांसमोर आलं.

माझं मत स्पष्ट आहे. चित्र कुणाचं, कधीचं, त्यात कुणी ढवळाढवळ केली, हे प्रयोगशाळेने ठरवावं. 'जाणकाराची नजर' हा पुरावा नव्हे.

कोरीभिंत
हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. १९७९ चा एक्स-रेही यंत्रानेच काढला होता ना? चित्र तेच, कामदेव तोच, पण अर्थ लावला माणसाने आणि तो चुकला. उद्या मळाच्या थराचा अर्थही माणूसच लावणार. त्यासाठी व्हर्मीरची उरलेली चित्रं कोळून प्यायलेलं कुणीतरी लागतंच. हाच कामदेव त्याच्या इतर चित्रांतल्या भिंतींवरही आहे, हे नजरेने ओळखलं.

रंगथर
एक्स-रेची मर्यादा आधीपासून माहीत आहे. किरणं सगळ्या थरांतून आरपार जातात, शिशाचा पांढरा रंग कुठल्याही थरात असला तरी ती अडवतो, त्यामुळे वरचे-खालचे सगळे थर एकाच प्रतिमेत येतात. कोणता आधी, कोणता नंतर, ते त्यातून कळत नाही. म्हणून तर एका पद्धतीवर थांबायचं नसतं. अवरक्त किरणं वरच्या रंगातून आत जाऊन कोळशाचं रेखाटन दाखवतात, क्ष-किरण प्रतिदीप्ती कोणतं मूलद्रव्य कुठे आहे त्याचा नकाशा देते. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राखालचं कच्चं रेखाटन २०२१ मध्ये अशाच कॅल्शियमच्या नकाशातून समोर आलं, कारण ते खडूमिश्रित रंगात होतं. कुठल्या नजरेला ते दिसलं असतं?

आणि बनावट चित्रं विकणारा जर्मन चित्रकार बेल्ट्राकी विसरलात? कांपेनडोंक या जर्मन चित्रकाराचं १९१४ चं म्हणून विकलेलं त्याचं चित्र जाणकारांच्या नजरेतून सहीसलामत सुटलं. पकडलं ते टायटॅनियम पांढऱ्या रंगाने, जो तेव्हा चित्रकारांच्या हाती आलाच नव्हता. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली.

आकडेतपासनीस
धागाकर्ते, रंगाच्या तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुम्ही 'यंत्र' म्हणताना रसायनशास्त्र आणि संगणकाचा अंदाज एकाच तराजूत तोलता आहात, तिथे माझा कडक विरोध आहे.

अमेरिकन चित्रकार पोलॉकच्या, रंग ठिबकवून काढलेल्या ठिबकचित्रांचं पहा. १९९९ मध्ये रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी त्यांत फ्रॅक्टल रचना (जवळून पाहा की लांबून, सारखीच दिसणारी नक्षी) मोजली, आणि पुढे हीच मोजणी अस्सल-नक्कल ओळखायला वापरली जाऊ लागली. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की हाताने काढलेल्या साध्या रेघोट्याही त्या कसोटीत पास होतात. २०२३ मध्ये 'डी ब्रेसी टोंडो' या गोल चित्राबाबत तर कहर झाला. एका संगणकप्रणालीने त्यातल्या मेरीचा चेहरा इटालियन चित्रकार राफाएलच्या मॅडोनाशी, म्हणजे त्याने काढलेल्या मेरीशी, ९७ टक्के जुळतो म्हटलं, दुसरीने ८५ टक्के खात्रीने चित्र राफाएलचं नाही म्हटलं. टायटॅनियम सापडणं ही वस्तुस्थिती. ९७ टक्के हे मतच आहे, फक्त दशांशाच्या थाटात मांडलेलं.

ताणाबाणा
मोजणी योग्य प्रश्नाला लावली तर सोनं होतं. कॅनव्हासच्या सुतांमधल्या फटींत अस्तराचा शिशाचा रंग बसतो, त्यामुळे एक्स-रेत विणीचा ठसा दिसतो. पूर्वी भिंगाखाली सुतं मोजत बसायचे. आता संगणक अख्ख्या कापडाचा घनतेचा नकाशा काढतो. सुतं दाट-विरळ होण्याचे पट्टे दोन चित्रांत एकमेकांना जुळले, तर दोन्ही तुकडे कापडाच्या एकाच ताग्यातले. व्हॅन गॉगच्या चित्रांचा क्रम लावायला याचा उपयोग झाला. इथे शैलीबद्दल कुणी काही बोलतच नाही, फक्त कापड बोलतं.

कोरीभिंत
ताणाबाणा, हे पटलं. कारण ही तपासणी चित्राला धक्का लावत नाही. माझा खरा राग तिथेच आहे. मळाचा थर सांगतो की झाकणारा व्हर्मीर नव्हता. 'वरचा रंग खरवडा' असं तो थर कुठे सांगतो? ते माणसांनी ठरवलं आणि विज्ञानाच्या नावावर खपवलं. १७१५ मध्ये कापून टाकलेल्या 'नाइट वॉच'च्या कडा २०२१ मध्ये जुन्या नकलेवरून संगणकाने तयार केल्या, काही महिने शेजारी लावल्या आणि काढून घेतल्या. मूळ चित्राला ओरखडाही नाही. ड्रेस्डेनला कामदेव पडद्यावर दाखवता आला असता.

रंगथर
'नाइट वॉच'च्या त्या कडा हरवल्याच आहेत, म्हणून नक्कल लावावी लागली. इथे व्हर्मीरच्या हातचं काम खाली शाबूत होतं. ते दिसू शकत असताना परक्याच्या रंगाखाली ठेवायचं?

कोरीभिंत
हो, ठेवायचं. त्या परक्याने चित्राला दिलेलं रूपही पिढ्यांनी पाहिलं, त्यावर प्रेम केलं. आता ते फक्त छायाचित्रांत उरलंय. पुढच्या पिढीला वेगळं वाटलं, तर तो रंग परत कुठून आणणार?