भांग मूळची आपलीच का?

पंचवटीकर:
महाशिवरात्रीला कपालेश्वराच्या रांगेत मागचे काका ठासून सांगत होते, भांग जगाला आपणच दिली. खरंय का हो?

गोदाकाठी:
नाही. भांग, गांजा दोन्हींचं झाड एकच, आणि ते मध्य किंवा पूर्व आशियातलं मानतात. पामीरच्या डोंगरात जिरझानकलला सुमारे २५०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत लाकडी धुपाटणी सापडलीत. आत भाजलेले दगड, आणि नशा आणणाऱ्या घटकाचे अंश. म्हणजे अंत्यविधीला धुरी घ्यायचे! ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही शकांच्या तंबूतली अशीच धुरी वर्णिलीय. अथर्ववेदात भांग ‘भंग’ या नावाने येते, पण पाच वनस्पतींतली एक म्हणून. नशेबद्दल तिथे अवाक्षर नाही.

सातपूरचा नाना:
काकांना अर्धे मार्क द्या राव. जमैकात गांजा रुजवला तो आपल्याच गिरमिटियांनी (करारावर नेलेल्या मजुरांनी), त्यांचं पहिलं जहाज १८४५ चं. आणि युरोपच्या डॉक्टरांना औषध म्हणून पटवलं ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने, १८३९ च्या सुमारास, कलकत्त्यात बसून.

पंचवटीकर:
भारी! मग भांग चालते, गांजा नाही, हे कसं?

गोदाकाठी:
१९८५ च्या केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे शेंडे, चरस म्हणजे राळ. नुसती पानं त्यातून सुटली. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, तेव्हा थंडाई बदामाचीच घ्या.