तेल भडकले तर अवकाश कार्यक्रमाला कात्री लागेल का?

भोसरीचा यंत्रकार

नमस्कार. भोसरी एमआयडीसीमध्ये मी आणि माझे मेहुणे मिळून अचूक यंत्रकामाचे एक छोटे वर्कशॉप चालवतो. आजवर आमचे बहुतेक काम वाहन उद्योगाचे होते. परंतु अलीकडे एका मोठ्या कंपनीमार्फत रॉकेट इंजिनांना लागणाऱ्या व्हॉल्व्हच्या आणि जोडभागांच्या जॉब वर्कची विचारणा होऊ लागली आहे. हे काम नीट करायचे तर फाइव्ह-अॅक्सिस मशीन (पाच अक्षांवर फिरून भाग कापणारे यंत्र) घ्यावे लागेल, आणि त्यासाठी बँकेचे मोठे कर्ज काढावे लागेल. मेहुण्यांचा याला विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की आखातात काही पेटले आणि क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव चढला की सरकारचा पैसा तेलात जाईल आणि सर्वांत आधी कात्री अवकाश मोहिमांना लागेल, कारण चंद्रावर जाणे थांबले तरी कोणाचे घर अडत नाही. मला त्यांचे म्हणणे सरसकट खोडून काढता येत नाही, आणि पटतही नाही. तेलाचे भाव आणि राजकारण यांचा अवकाश संशोधनावर खरोखर कसा परिणाम झाला आहे, याविषयी अभ्यास असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. भावनेच्या भरात कर्ज काढायचे नाही आणि भीतीपोटी संधीही सोडायची नाही, म्हणून विचारतो आहे.

पाषाणचे निवृत्त रसायन अभियंता

आधी एक गैरसमज दूर करतो. रॉकेट उडवण्याच्या खर्चात इंधनाच्या किमतीचा वाटा फारच किरकोळ असतो. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या फाल्कन ९ सारख्या रॉकेटमध्येसुद्धा तो एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आत-बाहेर आहे. बाकी सारा पैसा रचना, चाचण्या, माणसे आणि यंत्रकामात जातो. आपल्या एलव्हीएम३ रॉकेटमध्ये तर केरोसीन नाहीच. त्याच्या दोन्ही बाजूंच्या एस२०० बूस्टरमध्ये घन इंधन असते, मधल्या टप्प्यातील ‘विकास’ नावाची इंजिने हायड्राझीन गटातील इंधनावर चालतात आणि वरचा टप्पा द्रव हायड्रोजनवर चालतो. हे खरे, की घन इंधनातला एचटीपीबी हा बाइंडर (इंधनाचे कण धरून ठेवणारा पदार्थ) पेट्रोरसायनांपासूनच बनतो आणि हायड्राझीनचा उगम अमोनियामार्गे नैसर्गिक वायूपर्यंत जातो. पण क्रूड दुप्पट झाले म्हणून उड्डाण रद्द झाले, असे यामुळे घडत नाही.

तेल-वायूच्या राजकारणाशी रॉकेटचा थेट संबंध येतो तो एका वेगळ्याच पदार्थामुळे, आणि तो म्हणजे हेलियम. टाक्यांमध्ये दाब राखण्यासाठी आणि नळ्यांत उरलेले वायू बाहेर ढकलून त्या स्वच्छ करण्यासाठी हेलियम लागतो, आणि तो मुख्यतः नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतून मिळतो. अमेरिका आणि कतार हे त्याचे मोठे उत्पादक. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभर टंचाई जाणवली. आपण ज्या व्हॉल्व्हची चौकशी करता आहात, त्यांतील काहींमधून हाच वायू जात असण्याची शक्यता बरीच आहे.

अर्थशास्त्र_अध्यापिका

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. तेलाचा परिणाम रॉकेटच्या टाकीवर होत नसून देशाच्या तिजोरीवर होतो, आणि तो कोणत्या दिशेने होतो हे तो देश तेल विकतो की विकत घेतो यावर ठरते.

विकणाऱ्या देशाचे सर्वांत ठळक उदाहरण सोव्हिएत संघाचे आहे. १९८६ साली क्रूडचा भाव तीस डॉलरांच्या आसपासून कोसळून दहा-बारा डॉलरांवर आला आणि परकीय चलन मिळवण्याचा त्यांचा प्रमुख मार्ग आटला. त्यापुढच्याच दोन वर्षांत एनर्जिया रॉकेट आणि बुरान हे अवकाशयान उडाले, म्हणजे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ते शिखरावर होते. मात्र बुरान १५ नोव्हेंबर १९८८ रोजी एकदाच अवकाशात गेले आणि १९९३ मध्ये तो कार्यक्रमच बंद झाला. १९९८ मध्ये तेल पुन्हा दहा डॉलरांच्या जवळ आले, त्याच ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा रशियाने द्यायचा झ्वेझ्दा हा भाग निधीअभावी रखडून जुलै २००० मध्ये वर गेला. २०१४ नंतर भाव पुन्हा गडगडले, तेव्हा २०१६ ते २०२५ या काळासाठी आखलेला रशियाचा अवकाश कार्यक्रम प्रस्तावित ३.४ लाख कोटी रूबलवरून १.४ लाख कोटींवर आणावा लागला. तीन वेळा भाव पडले आणि तिन्ही वेळा कार्यक्रम आकसला, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

तरीही यावरून नियम बांधण्याची घाई करू नये असे मी म्हणते, कारण संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्यांनी मंगळमोहिमेची घोषणा जुलै २०१४ मध्ये केली, तेव्हा क्रूड शंभर डॉलरांच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते तीस डॉलरांच्याही खाली गेले, तरी मोहीम थांबली नाही. होप हे यान जुलै २०२० मध्ये निघाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. तेल संपल्यानंतरच्या अर्थव्यवस्थेची तयारी हाच त्या मोहिमेचा एक हेतू असल्यामुळे तेल स्वस्त होणे हे तेथे मोहीम चालू ठेवण्याचे कारण ठरले.

आता आपल्या देशाचा हिशेब पाहा, कारण आपल्या मेहुण्यांच्या शंकेचा खरा कस तेथे लागतो. भारत वर्षाला सुमारे २३ कोटी टन क्रूड आयात करतो, म्हणजे साधारण १७० कोटी पिंपे. प्रत्येक पिंपामागे भाव एका डॉलरने वाढला आणि वर्षभर तसाच राहिला, तर देशाचा आयात खर्च १७० कोटी डॉलरांनी, म्हणजे २०२४-२५ च्या डॉलरच्या दराने सुमारे चौदा हजार कोटी रुपयांनी वाढतो. अवकाश विभागाची २०२४-२५ ची संपूर्ण तरतूद सुमारे तेरा हजार कोटी रुपये होती. याचा अर्थ, संपूर्ण अवकाश कार्यक्रम बंद केला तरी क्रूडच्या एका डॉलरच्या वाढीएवढीही रक्कम हाती लागत नाही. ही वाढ सगळी सरकारी तिजोरीतून जाते असे नाही, बरीचशी आपण पेट्रोलपंपावर भरतो. तरी प्रमाण लक्षात यावे म्हणून हा आकडा दिला. एवढी छोटी तरतूद कापून कोणत्याही अर्थमंत्र्याची अडचण सुटत नाही, आणि म्हणून ती कापायची की नाही हा निर्णय हिशेबाच्या वहीत न होता राजकीय इच्छेवर होतो.

कर्वेनगरचा इतिहासवाचक

मॅडमनी शेवटी जे म्हटले, तेच मी आधी ठेवीन. अपोलो मोहिमा तेलसंकटामुळे थांबल्या असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते, परंतु तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. अपोलो १८, १९ आणि २० या तिन्ही मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या होत्या, शेवटची अपोलो १७ डिसेंबर १९७२ मध्ये परतली, आणि अरब देशांची तेलबंदी सुरू झाली ऑक्टोबर १९७३ मध्ये. १९६६ साली अमेरिकेच्या संघीय खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांच्या वर होता, तो १९७३ पर्यंत दीड टक्क्याच्याही खाली आलेला होता. सोव्हिएत संघाच्या आधी चंद्रावर पोहोचण्याचे राजकीय उद्दिष्ट साध्य झाले होते, व्हिएतनामचे युद्ध चालू होते, आणि संसदेला पुढे पैसा देण्याचे कारण उरले नव्हते. तेलसंकटाने उलट नासाला काही नवी कामे दिली: ओहायोत १९७५ मध्ये तिने मोठी पवनचक्की उभारली, आणि दशकाच्या अखेरीस अवकाशातून सौरऊर्जा पृथ्वीवर आणण्याच्या कल्पनेचा ऊर्जा विभागाबरोबर गंभीरपणे अभ्यास केला. तेल पुन्हा स्वस्त झाल्यावर त्या कल्पनेतील रसही आटला.

भारताचा अनुभव मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि पुणेकरांना तो जवळचा वाटायला हवा. आपला पहिला उपग्रह आर्यभट १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या तेलसंकटाच्या चटक्यातच, सोव्हिएत रॉकेटने वर गेला. एसएलव्ही-३ या स्वदेशी रॉकेटचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९७९ मध्ये अयशस्वी झाले, तेव्हा इराणमधील क्रांतीमुळे क्रूडचे भाव दुसऱ्यांदा भडकले होते. तेल महाग, परकीय चलन तुटपुंजे आणि वर अपयश. मेहुण्यांचा तर्क खरा असता तर कार्यक्रम तेथेच संपायला हवा होता. पण पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. वसंत गोवारीकर त्या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते, आणि घन इंधन देशातच तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. तो कार्यक्रम टिकला, कारण हवामान, दूरसंपर्क आणि शेतीची पाहणी यांसाठी तो हवा आहे हे सरकारांना पटलेले होते. सत्तेवर पक्ष बदलले, तरी हे पटणे बदलले नाही. माझ्या मते आपल्या अवकाश कार्यक्रमाची ही सर्वांत मोठी कमाई आहे आणि तिचा अभिमान बाळगावा.

मात्र परदेशी राजकारणाने आपल्याला जेवढे अडवले, तेवढे तेलाने कधीच अडवले नाही. क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) इंजिनांसाठी १९९१ मध्ये इस्रोचा सोव्हिएत संस्थेशी करार झाला, मे १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. फक्त तयार इंजिने मिळाली. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले. एका राजकीय दबावाने दोन दशके घेतली. रशिया त्या वेळी त्या दबावापुढे वाकला, यामागे त्याची खालावलेली तिजोरी होती, आणि ती खालावण्यात तेलाच्या पडलेल्या भावाचा हात होताच. म्हणजे मॅडमचे म्हणणे आणि माझे म्हणणे येथे एकमेकांना येऊन मिळते.

भोसरीचा यंत्रकार

सर्वांचे मनापासून आभार. एका डॉलरचा हिशेब मेहुण्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी वेगळाच प्रश्न काढला: कार्यक्रम रद्द होणार नाही हे मान्य, पण तो रेंगाळला तर बँकेचे हप्ते कोण भरणार? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

चाकणचा पुरवठादार

आपल्या मेहुण्यांनी नेमका योग्य प्रश्न विचारला आहे. आम्ही अनेक वर्षे या क्षेत्राला सुटे भाग पुरवतो, आणि माझा अनुभव असा आहे की काम रद्द होत नाही, लांबते.

सरकारी आकडेही हेच सांगतात. २०२०-२१ साठी अवकाश विभागाला साडेतेरा हजार कोटींच्या आसपास तरतूद होती, परंतु प्रत्यक्ष खर्च सुमारे साडेनऊ हजार कोटी झाला. त्या वर्षी क्रूड गेल्या दोन दशकांतील नीचांकाला गेले होते. खर्च घसरला तो टाळेबंदीमुळे. २०२२-२३ मध्ये युक्रेन युद्धामुळे क्रूड शंभरीच्या वर गेले, तरतूद १३,७०० कोटी होती आणि सुधारित अंदाज साडेदहा हजार कोटींच्या घरात आला. तेल स्वस्त असताना आणि महाग असताना, दोन्ही वेळा खर्च तरतुदीपेक्षा मागे राहिला, कारण चाचण्या आणि उड्डाणे ठरल्या वेगाने झाली नाहीत. २०२१ मध्ये इस्रोची अवघी दोन उड्डाणे झाली. आपल्यासारख्या वर्कशॉपला बजेटच्या बातमीपेक्षा उड्डाणांची ही गती अधिक जवळून जाणवते.

त्याच युद्धाने दुसऱ्या बाजूने काम आणले, हेही सांगितले पाहिजे. रशियाने मार्च २०२२ मध्ये वनवेब कंपनीचे उपग्रह सोडण्यास नकार दिला, आणि ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये आपल्या एलव्हीएम३ ने त्या कंपनीचे ७२ उपग्रह कक्षेत नेले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरपासून देशभरात विखुरलेल्या पुरवठादारांना अशा व्यापारी उड्डाणांचा आधार मिळतो.

तेलाचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि तो आपल्या कर्जाच्या कागदांतून जातो. क्रूड महागले की महागाई वाढते आणि महागाई वाढली की व्याजदर चढतात. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये चार टक्क्यांवर असलेला रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेला. महागाईची कारणे अनेक होती, पण तेल त्यांतील मोठे कारण होते. २०२० नंतर खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाल्याने आपल्याला ऑर्डर देणारी कंपनी सरकारीच असेल असे आता नाही. नव्या रॉकेट कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतात, आणि पैसा महागला की त्यांचा श्वास आधी कोंडतो. अमेरिकेतील व्हर्जिन ऑर्बिट जानेवारी २०२३ मधील उड्डाण फसल्यानंतर नवे भांडवल उभे करू शकली नाही आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. उड्डाण फसण्यात तेलाचा काहीही संबंध नव्हता, पण स्वस्त पैशाच्या काळात तिला कदाचित दुसरी संधी मिळाली असती.

त्यामुळे मशीन घ्यावे असेच मी म्हणेन, पण ते केवळ अवकाशाच्या कामाच्या भरवशावर घेऊ नये. फाइव्ह-अॅक्सिसवर संरक्षण, विमान आणि वैद्यकीय उपकरणांचे कामही होते, आणि हप्ता त्या कामांतून निघेल अशी मांडणी आधी करावी. कर्ज बदलत्या दराचे असेल तर दर दोन टक्क्यांनी वाढल्यास हप्ता किती होतो, हे बँकेकडून लेखी घ्यावे. ऑर्डर स्वीकारताना मटेरियल फ्री इश्यू, म्हणजे ऑर्डर देणाऱ्याकडूनच विनामूल्य, मिळणार की आपल्याला विकत घ्यायचे, हे आवर्जून विचारावे, कारण टायटॅनियम आणि निकेलच्या मिश्रधातूंचे भाव ऊर्जेच्या भावाबरोबर हलतात आणि टायटॅनियमच्या बाजारात रशियाचा मोठा वाटा आहे. मटेरियल आपले असेल तर कोटेशनची मुदत तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये आणि भाववाढीचे कलम घातल्याशिवाय सही करू नये. पहिल्या नगाची तपासणी मंजूर होण्यातच काही महिने जातात, तेवढ्या काळाचे खेळते भांडवल वेगळे काढून ठेवावे. मेहुण्यांना घेऊन चाकणला या. आमच्याकडचे मशीन आणि तपासणीचे कागद दोन्ही दाखवतो.