लिंक बंद पडली, आता संदर्भ कसा देऊ?

प्रश्न: मी बडोद्यात पीएचडी करतेय. विषय सयाजीरावांचं १९०६ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. दोन वर्षांपूर्वी एका संकेतस्थळावरून उतारा घेतला होता, आता ती लिंक उघडतच नाही. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. उतारा काढायला मन होत नाही. काय करू?

उत्तर: ताई, काढू नका! जुना पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून बघा. प्रत सापडली तर तिचा पत्ता आणि जतन झाल्याची तारीख द्या. दांडिया बाजारातल्या घरी रात्र जागून मी माझ्या अकरा लिंका अशाच परत मिळवल्या. आता कुठलंही पान वापरलं की त्याच दिवशी जतन करते.

उत्तर: लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तोच द्या, संकेतस्थळ बदललं तरी तो चालतो. पाहिल्याची तारीख एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत फक्त बदलत्या पानांना लागते, एमएलए या दुसऱ्या शैलीत ऐच्छिक आहे. आणि स्कॅन केलेलं जुनं पुस्तक असेल तर छापलेला पृष्ठक्रमांक लिहा, पीडीएफचा नव्हे. माझं अख्खं प्रकरण तेवढ्यासाठी परत आलं होतं.

प्रश्नकर्ती: प्रत मिळाली! उताऱ्यासकट. तळटीप आत्ताच बदलते. पृष्ठक्रमांक मात्र सगळे पीडीएफचेच दिलेत, उद्या ग्रंथालयात बसून तपासते.