बीगल फक्त माझंच ऐकतो, बाकीच्यांना भीक घालत नाही, काय करावं?

नवखी_पालक
आमच्याकडे दहा महिन्यांचा बीगल आहे, नाव बंड्या (नावावरचे विनोद सगळे करून झालेत, कृपया नको). माझं तो बस, थांब, ये, सोड एवढं घरात तरी ऐकतो. नवऱ्याने बस म्हटलं की एकदा वर बघतो आणि सरळ निघून जातो. मुलगा दहा वर्षांचा, तो हाका मारून दमतो, मग मागे धावतो आणि बंड्याला वाटतं खेळ सुरू झाला. सासूबाईंचं तर विचारूच नका, त्या बस बस बस बस म्हणत राहतात आणि हा त्यांच्या ताटाकडे बघत उभा. मोजा नाहीतर रिमोट पळवला की सगळे मी घरी यायची वाट बघत बसतात. नवऱ्याचं म्हणणं त्याला कुणाचा धाकच नाही, त्याला कुणीतरी सांगितलंय की उताणा पाडून दाबून धरायचा, मग कळतं बॉस कोण ते. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाही. पाच महिन्यांचा होता तेव्हा उलट सगळ्यांचं बरं ऐकायचा हो. कुणाचं असं कुत्रं सगळ्या घराचं ऐकायला लागलंय का?

वाकडीशेपूट
बीगल म्हणालात तिथेच अर्धं उत्तर आलं 😀 वासावरून ससे हुडकायला तयार केलेली जात ही, माणूस मागे राहिला तरी नाक पुढे चालू. मेंढ्या राखणारी कुत्री माणसाच्या हाताकडे बघून काम करतात, यांना ती गरजच नव्हती कधी. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेनची १९९४ची कुत्र्यांच्या हुशारीची जी प्रसिद्ध क्रमवारी आहे त्यात बीगल अगदी तळाच्या गटात आहे, पण ती आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केलेली, म्हणजे मोजलंय ते ऐकणं. अक्कल भरपूर असते, ती मोजे पळवण्यात खर्च होते एवढंच.

सावकाश_चला
आधी वयाचं सांगते, कारण "बिघडला" असं वाटून माणसं इथेच चिडतात. २०२० साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या लुसी ॲशर आणि मंडळींचा अभ्यास आला होता, गाइड डॉग (अंध माणसांना वाट दाखवणारं कुत्रं) म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांवर. आठ महिन्यांची झाल्यावर ती "बस" ही कमांड स्वतःच्या पालकाची पाच महिन्यांच्या मानाने कमी ऐकत होती, परक्या माणसाची मात्र ऐकत होती! म्हणजे टीनएजच की. वर्षाच्या आसपास गाडी परत रुळावर येते. तेव्हा थोडं हे वयाचं आहे, पण सगळंच वयाचं नाही, कारण तुमचं तो ऐकतोय.

तुमचं का ऐकतो? बहुतेक शिकवलंत तुम्ही, खाऊ दिलात तुम्ही, आणि तुम्ही एकदा बोललात की काहीतरी होतं हे त्याला माहीत आहे. कुत्र्याच्या डोक्यात "बस म्हणजे बसायचं" असं सुटं नसतं, "या खोलीत, हिने, अशा आवाजात, हात असा करून बस म्हटलं की बसायचं" असं सगळं चिकटून असतं. माणूस बदलला की त्याच्यासाठी ती जवळजवळ नवीन कमांड. नवरा बस म्हणतो, हा बसत नाही, पुढे काहीच होत नाही, म्हणजे नवऱ्याचं बस हा नुसता आवाज आहे हे तो रोज शिकतोय. प्रत्येकाने स्वतःचं खातं शून्यापासून उघडायचं, तुमच्या खात्यातलं त्यांना वापरता येत नाही.

म्हणून नवऱ्याने पिल्लाला शिकवतात तसं पहिल्यापासून सुरू करायचं. शांत खोली, कुत्रं भुकेलेलं, दोनतीन मिनिटं बास. खाऊ नाकाशी धरून वर न्यायचा, बुड टेकलं की लगेच, म्हणजे एका सेकंदाच्या आत, द्यायचा. शब्द एकदाच. नाही बसला तर पुन्हा पुन्हा म्हणू नका, दोन पावलं मागे जा, थांबा, मग सोपं करून परत. तुम्ही सुरुवातीला खोलीत असाल तर भिंतीसारख्या उभ्या राहा, तो तुमच्याकडे बघेलच, बघू दे. खाऊ वेगळा आणू नका, बीगल बघता बघता ड्रम होतो, रोजच्या वाटीतलाच थोडा काढून ठेवा.

आणि हाताची खूण सगळ्यांची एकच ठेवा, बऱ्याच कुत्र्यांना शब्दापेक्षा खूण लवकर कळते. शब्द पण ठरवून घ्या, एक जण "खाली" म्हणतो सोफ्यावरून उतर म्हणून, दुसरा झोप म्हणून, त्याने काय समजायचं.

जुनी_खोड
एवढं लाडीगोडी कशाला? घरात त्याचा नंबर शेवटचा हे कळलं की आपोआप ऐकतो. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण जायचं. कळपातले प्राणी आहेत, अल्फा म्हणजे म्होरक्या लागतोच.

सावकाश_चला
जुनी_खोड, ती अल्फाची कल्पना आली शेंकेल या प्राणी-अभ्यासकाच्या १९४७च्या लिखाणातून, ते बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर होतं. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या ज्या पुस्तकामुळे ती लोकप्रिय झाली त्यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक आईबाप आणि त्यांची पोरं, मारामारी करून बॉस झालेलं कुणी नसतं. दारात थांबवणं चांगलंच आहे, पण ते दार उघडणं हे बक्षीस असतं म्हणून चालतं, नंबरामुळे नाही. उताणा दाबून धरणं तर कृपया अजिबात नको. घाबरलेलं कुत्रं चावतं, आणि त्या घरात दहा वर्षांचं मूल आहे. गुरगुरल्याबद्दलही रागवू नका, गुरगुरणं बंद झालं की पुढची पायरी सूचना न देता येते.

नवखी_पालक
हे नवऱ्याला वाचून दाखवलं, गप्प झालाय, म्हणजे निम्मं पटलंय. पण सासूबाईंचं काय? त्या काही ट्रेनिंग वगैरे करणार नाहीत आणि ताटातलं द्यायचं थांबवणार नाहीत. आणि पोराच्या हातातून वस्तू पळवतो त्याचं?

वाकडीशेपूट
वस्तू पळवली की मागे धावायचं नाही, हा घरात कायदाच करा. पळणं हेच त्याचं बक्षीस आहे. त्यापेक्षा काहीतरी चांगलं दाखवून अदलाबदल, आणि शक्य असेल तर घेतलेली वस्तू बघून परत द्या, म्हणजे सोडलं की कायमचं जात नाही हे कळतं. मोजे मात्र परत देऊ नका, गिळतो 😅 मुलासाठी बेस्ट खेळ: घरातले दोघं समोरासमोर बसा, आळीपाळीने "बंड्या ये", ज्याने बोलावलं त्यानेच खाऊ द्यायचा. हळूहळू अंतर वाढवा, मग वेगवेगळ्या खोल्यांतून. मोठं कुणीतरी सोबत हवं. आणि "ये" म्हणून बोलावून नखं कापायला किंवा अंघोळीला कधीच नेऊ नका, त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

सावकाश_चला
सासूबाईंना थांबवू नका, जमणार नाही. द्यायचं कधी तेवढंच बदला. जेवताना बंड्याला दुसऱ्या खोलीत नाहीतर जाळीच्या दाराआड ठेवा, आणि जेवण झालं की त्यांनीच त्याची वाटी त्याला द्यायची, फक्त हात वर करून, चारही पाय जमिनीवर आणि बुड टेकलेलं असेल तरच वाटी खाली. बोलायचीसुद्धा गरज नाही. पहिले काही दिवस जाळीआडून आधीपेक्षा जास्त भुंकेल, तेव्हा कुणीतरी कंटाळून एक तुकडा दिला तर जास्त वेळ भुंकलं की मिळतं हा धडा पक्का होईल, त्यामुळे सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आणि फिरायला नेताना पट्टा एक दिवसाआड नवऱ्याच्या हातात द्या. वास घ्यायला थांबायचं असेल तर बंड्याने आधी एकदा वर बघायचं, मग "जा" म्हणून मनसोक्त हुंगू द्यायचं. बीगलला खाऊपेक्षा हे जास्त आवडू शकतं, आणि त्यात सासूबाईंची स्पर्धा नाही.