नगरपरिषदेत शिफ्ट लावायच्या का? सीओ साहेबांनी टिपणी मागितलीय, अनुभव असलेल्यांनी सांगा

आस्थापना_टेबल:

नमस्कार मंडळी, मी एका छोट्या नगरपरिषदेत आस्थापनेला (म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, हजेरी बघणाऱ्या विभागात) आहे, गावाचं नाव सांगत नाही कारण नाव सांगितलं की मी कोण ते लगेच कळतं. आमच्याकडे नवीन मुख्याधिकारी आलेत, तरुण आहेत, परवा बोलावून म्हणाले की कामाच्या वेळांचा जरा नव्याने विचार करा आणि पंधरा दिवसांत टिपणी ठेवा. झालं, आली ती माझ्या गळ्यात.

सध्या सगळं पावणेदहा ते सव्वासहा आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, त्याआधी मुंबई सोडून सगळीकडे दहा ते पावणेसहा असायचं, म्हणजे रोज पाऊण तास जास्त बसायचं आणि सगळे शनिवार मोकळे. आम्हाला बरं झालं, खोटं कशाला बोलू. पण गावाशेजारी एमआयडीसी आहे, तिथला माणूस सकाळी सातच्या गाडीने जातो तो संध्याकाळी सातला घरी, शनिवारीही ड्युटी. त्याला जन्माचा दाखला हवा असेल तर एक खाडा करूनच यावं लागतं, आणि आला की नेमकं आमच्या टेबलावरचं माणूस साइटवर गेलेलं असतं.

दुसरं म्हणजे आमच्या कर विभागातली एक ताई आहे, मूल लहान आहे, ती म्हणते घरपट्टी नव्याने ठरवतात त्या फेरआकारणीच्या याद्या संगणकावर चढवायचं काम मी घरून आठवड्यातले दोन दिवस केलं तर काय बिघडतं. मला पण वाटतं काय बिघडतं, पण टिपणीत ‘वर्क फ्रॉम होम’ लिहिलं तर सभेत हसतील की काय अशी भीती. मंजूर पदांतली बरीच रिकामी आहेत, खिडकीवर दोनच माणसं. दोन शिफ्टमध्ये वाटली तर एकेक उरतं, ते जेवायला गेलं की खिडकी बंद. काय करावं?

घरपट्टी_भरलेला_माणूस:

आधी पावणेदहाला या मग शिफ्टचं बघू 😄 राग मानू नका पण आमच्याकडे साडेदहाला पंखा सुरू होतो आणि साडेअकराला माणूस. मला शिफ्ट नको, खिडकीवर कोण बसणार आणि किती वाजेपर्यंत एवढं पाटीवर लिहा आणि त्या वेळी तिथे माणूस असू द्या, बास.

वसुलीत_गेली_हयात:

आस्थापना साहेब, मी मागच्या वर्षी निवृत्त झालो, करनिरीक्षक होतो. तुमच्या टिपणीत दोन गोष्टी एकत्र झाल्यात त्या आधी वेगळ्या करा. कार्यालय किती वाजता उघडतं हा एक प्रश्न आणि माणूस किती तास काम करतो हा दुसरा. आपण दोन्ही एकच धरतो म्हणून अडतं.

मार्च आठवा. मार्चमध्ये आपण शनिवारी, रविवारी, धुळवड सोडून सगळ्या सुट्ट्यांना वसुलीची खिडकी उघडी ठेवतो की नाही? रात्री आठपर्यंत बसतो, रिक्षा फिरवून सांगतो की सुट्टीच्या दिवशीही भरणा चालू आहे. म्हणजे पैसे घ्यायचे असले की वेळ बदलता येते, दाखला द्यायचा असला की नियम आडवा येतो. लोकांच्या हे बरोबर लक्षात येतं हो, तुम्हाला वाटतं त्यांना कळत नाही. सगळ्यांना शिफ्ट लावू नका, आठवड्यातून एकच दिवस एक खिडकी रात्री आठपर्यंत ठेवा आणि त्या दिवशी त्या माणसाला दुपारी बारानंतर बोलवा. तास तेवढेच, ओव्हरटाइमचा विषयच नाही.

पण खरा घोळ तिथे नाहीये. तुमचा माणूस आठपर्यंत बसला तरी दाखल्यावर डिजिटल सही कोण करणार? आमच्याकडे ई-ऑफिस आलं तेव्हा मोठा गाजावाजा झाला, फाइल आता कुठूनही पुढे जाणार म्हणून. आणि सहीचा डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली, कुठे, तर कपाटात एका पाकिटात, पाकिटावर पासवर्ड बॉलपेनने लिहिलेला, कपाटाची चावी ऑपरेटरच्या खिशात. ऑपरेटर लग्नाला गेला की अख्ख्या शहराचे दाखले थांबले. वर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहेच, त्यात दिवस मोजले जातात, तुमची शिफ्ट तो बघत नाही, उशीर झाला तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा ज्याच्या नावावर आहे त्याला, ५०० ते ५००० रुपये दंड आहे. तेव्हा टिपणीत पहिला मुद्दा हा घ्या की प्रत्येक सेवेला दुसरा सही करणारा ठरवून ठेवा, लेखी आदेशाने, आणि त्याचा डोंगल त्याच्याच नावाने, त्याच्याच खिशात.

त्या ताईंचं म्हणाल तर द्या की घरून काम. फक्त किती मालमत्ता चढवल्या त्याचा आकडा ठरवा, किती तास बसली ते मोजू नका. हसणारे हसू देत, ऑफिसात बसून दिवसाला किती चढवतात ते मी पाहिलंय.

पाणी_सोडणारा:

सगळे टेबलावरचंच बोलताय. मी पाणीपुरवठ्याला आहे. आमच्या व्हॉल्व्हमनला पावणेदहा हा प्रकारच माहीत नाही, एका भागाला पहाटे चारला पाणी सोडायचं, दुसऱ्याला रात्री अकराला, मधे झोप लागली तर लागली. वर्षानुवर्षं हेच चाललंय, त्याला कुणी फ्लेक्सी टाइम (सोयीप्रमाणे कामाची वेळ) म्हटलं नाही. आणि आता हजेरीला तोंड दाखवायचं मशीन लावलंय मुख्य कार्यालयात. पहाटे चारला पाणी सोडलेला माणूस सकाळी दहाला गाडीला पेट्रोल घालून येतो, मशीनला तोंड दाखवतो आणि घरी जाऊन झोपतो. टिपणीत लिहा की हजेरी टाकीवर घ्या. आणि झाडूवाल्या बायकांचं उन्हाळ्यातलं बघा, शाळा सकाळची होते मग एप्रिल-मेमध्ये दुपारच्या पाळीचं काम सकाळी अकराच्या आत का उरकत नाही?

केंब्रिजहून:

मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडात केंब्रिजजवळ राहतो म्हणून सांगतो. इथल्या साउथ केंब्रिजशायर जिल्हा कौन्सिलने जानेवारी २०२३ पासून चार दिवसांचा आठवडा करून पाहिला, पगार पूर्ण, तास ८० टक्के, काम मात्र पूर्ण झालं पाहिजे. तेव्हाच्या केंद्र सरकारने बंद करा म्हणून पत्रं पाठवली, खूप आरडाओरडा झाला, तरी यांनी रेटलं आणि जुलै २०२५ मध्ये कायम करायचं ठरलं. मला आवडलं ते हे की फक्त ऑफिसवाल्यांना नाही दिलं, कचरागाडीवाल्यांनाही दिलं, त्यासाठी गाड्यांचे मार्ग नव्याने आखले आणि सोमवारचा कचरा बंद करून मंगळवार ते शुक्रवार केला. यांना मुळात हे करावं लागलं कारण माणसं टिकत नव्हती, जागा रिकाम्या, एजन्सीकडून महागडी माणसं आणावी लागत होती. आपल्याकडे उलटं आहे, पक्की नोकरी कोण सोडतो, त्यामुळे तसंच्या तसं उचलू नका. वेळ बदलली तर सगळ्यांची बदला एवढं मात्र घ्या.

दोन_गावांचा_कारभारी:

ग्रामपंचायतीतून बोलतो. २०२४ ला आमचं पदनाम बदललं, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झालो, गावं मात्र तीच दोन. सोमवार-गुरुवार या गावी, मंगळवार-शुक्रवार त्या गावी असा फळा लावलाय, बुधवारी पंचायत समितीची मीटिंग. फळ्याने निम्मी भांडणं मिटली. उरलेली निम्मी रात्री साडेदहाला व्हॉट्सॅपवर येतात.

आस्थापना_टेबल:

सगळ्यांचे आभार. वसुलीवाल्या काकांचं वाचून आज मुद्दाम कपाट बघायला गेलो. पाकीट आहे. पासवर्ड पण आहे, फक्त आमच्याकडे पेन्सिलने. व्हॉल्व्हमनचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, ते टिपणीत पहिल्या पानावर घेतो. उशिराची खिडकी बुधवारी ठेवावी म्हणतोय, बुधवारी आमचा आठवडी बाजार असतो, आसपासची माणसं तशीही येतात आणि एमआयडीसीची बस बाजारापाशीच थांबते. फक्त बाजाराच्या दिवशी आमचे अर्धे लोक चारलाच भाजी आणायला जातात, त्यांना आता आठनंतर जावं लागेल, ते कसं सांगायचं ते बघतो.